जरा डोळा मिचकाव बाई!

आमच्या द्वारकेला कधी कुणा पाहुण्याला घ्यायला गेला आहात का? द्वारका म्हणजे श्रीकृष्णाची नव्हे हं, नाशिकची! मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जिथे एकमेकांना भेटतात तो चौक. वर उड्डाणपूल, खाली रिक्षा, एस.टी., ट्रक आणि माणसंच माणसं. पाहुण्यांचा फोन येतो, "मी द्वारकेला उतरलोय." आपण म्हणतो, "मी पण द्वारकेलाच उभी आहे." "मी पुलाखाली आहे." "अहो, मी पण पुलाखालीच!" असं पाच मिनिटं चालतं. रागही येतो आणि हसूही येतं. शेवटी आपण म्हणतो, "बरं, जरा हात वर करा बघू!" आणि त्या गर्दीतून एक हात वर येतो. मग बाकीची शंभर माणसं दिसेनाशी होतात आणि आपलं माणूस तेवढं दिसतं.

यंत्रांनासुद्धा असा हात वर करायला सांगता येतं, हे मला गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळलं कसं, ही गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट तशी माझ्या मोठेपणाची नाही. उलट सांगताना आजही मान खाली जाते. पण तुमच्याही घरात आता त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांची पेटी आलेली आहे, तेव्हा माझ्या फजितीचा तुम्हाला उपयोग झाला तर झाला!

मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तासिका तत्त्वावर म्हणजे काय, हे त्यातून जाणाऱ्या भगिनींना सांगायला नको. जेवढे तास तेवढे पैसे, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते देव जाणे. त्यामुळे कुणी काही काम सांगितलं, तर 'नाही' हा शब्द तोंडातून निघत नाही. संगणकाच्या खोलीचे सर नोकरी सोडून गेले आणि खोलीची किल्ली फिरत फिरत माझ्याकडे आली. "बाई, तुम्ही दुपारी असताच ना!" एवढंच निमित्त.

जिन्याखालच्या कपाटात शाळेचा मोठा संगणक आहे. सगळ्या शाळेचं इंटरनेट त्याच्यामधून जातं. त्याच्या पाठीमागे एका कार्डाला ओळीनं चार भोकं. एकातून बाहेरची लाइन येते, बाकीच्या तिघांतून कार्यालय, संगणक खोली आणि वाचनालय यांना वायरी जातात. चारही वायरी निळ्या. एकेकाळी त्यांना चिठ्ठ्या होत्या म्हणे, पण त्या पावसाळ्यातल्या ओलीनं केव्हाच गळून पडल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दिवस. दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरणं चाललेलं. एका संध्याकाळी संगणक खोलीतलं इंटरनेट बंद पडलं. मी दुरुस्तीवाल्यांना फोन केला. तिकडून घाईघाईत सांगण्यात आलं, "दोन नंबरची वायर काढून परत लावा." आता दोन नंबरची म्हणजे डावीकडून की उजवीकडून? संगणकाच्या समोरून की मागून? हे मी विचारायला हवं होतं. पण आपल्याला काही येत नाही असं वाटेल, म्हणून विचारलं नाही. पदर खोचला, कपाटाच्या मागे वाकले आणि डावीकडून दुसरी वायर काढली. "होत नाही? मग तिच्या शेजारची काढून बघा." तीही काढली. तेवढ्यात हातातून दोन्ही निसटल्या आणि खाली धुळीत पडल्या. दोघी सारख्याच, जुळ्या बहिणींसारख्या! अंदाजानं लावल्या. संगणक खोली तरीही बंदच. म्हटलं, उद्या बघू. कुलूप लावलं आणि घरी आले. मुलाचा अभ्यास, कुकर, दुधाची पातेली... वायरी डोक्यातून गेल्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो कार्यालयात गडबड. इंटरनेट बंद, अर्ज अडकलेले, मुदत संपायला दोनच दिवस. आणि सगळेजण शिपाई मावशींवर घसरलेले! आदल्या दिवशी त्यांनी जिन्याखालचं झाडलं होतं. "तुमच्या झाडूनं वायर निघाली असणार. कितीदा सांगितलं, तिकडे हात लावू नका!" मावशी काही बोलल्या नाहीत. झाडू भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या. पगारातून दुरुस्तीचा खर्च कापण्यापर्यंत बोलणं गेलं.

आणि मी? मी हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले.

खरं सांगते, त्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही. मनाशी म्हणत होते, कशावरून माझ्यामुळेच झालं असेल? मावशींचा झाडूही लागला असेल! माणूस स्वतःची समजूत घालायला किती हुशार असतं नाही? दुपारी डबा उघडला, तर घास गिळेना.

मधल्या सुट्टीत मी धाकट्या भाऊजींना फोन लावला. ते पुण्याला असतात, आणि मोठमोठ्या कंपन्यांचे संगणक सांभाळणं हेच त्यांचं काम. सगळं ऐकून ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातून दोन वायरींची अदलाबदल झालेली दिसते. प्रत्येक भोकाला आतून वेगळं काम नेमून दिलेलं असतं. वायर दुसरीकडे लावली की सगळंच अडतं. सोपं आहे, दहा मिनिटांचं काम. फक्त संगणकाचा मुख्य पासवर्ड लागेल."

पासवर्ड मुख्याध्यापकांपाशी. आणि तो मागायचा, तर कशासाठी ते सांगायला हवं! म्हणजे बघा, दहा मिनिटांच्या कामाआधी ते एक वाक्य बोलणं आलंच. त्यांच्या खोलीबाहेर मी दोनदा गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा आत गेले आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "सर, वायरी काल मी काढल्या होत्या. मावशींचा काही संबंध नाही. सकाळीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही." सर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आता नीट होईल ना?" मी म्हटलं, "प्रयत्न करते." त्यांनी पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि काम झाल्यावर कागद परत आणून द्यायला सांगितलं. नोकरी जाईल म्हणून दिवसभर थरथरत होते, आणि बोलणं एवढंच झालं!

मावशींना गाठलं. त्यांनाही सांगितलं. तर त्या म्हणतात कशा, "मला कालच समजलं होतं बाई. तुम्ही घरी जायला निघालात तेव्हा तुमच्या पदराला केवढं जाळं लागलं होतं. कपाटामागं गेल्याशिवाय तसलं जाळं लागत न्हाई." मी थक्कच झाले. "मग सकाळी बोलला का नाहीत?" तर म्हणाल्या, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले." यावर मी काय बोलणार? म्हटलं, "चला मावशी, मला मदत करा."

आता खरी गंमत पुढेच आहे. भाऊजी फोनवर, मी संगणकाच्या पडद्यापुढे. भाऊजी म्हणाले, "कार्डाच्या प्रत्येक भोकाला आतल्या बाजूनं एक नाव असतं. पण कुठलं नाव कुठल्या भोकाचं हे नुसतं बघून ओळखू नका. क्रम डावीकडून उजवीकडेच असेल असं मुळीच नाही. त्यापेक्षा त्यालाच विचारा." त्यांनी सांगितलं तसं मी टाइप केलं : आधी 'इथटूल', मग एक आडवी रेघ आणि पी, मग भोकाचं नाव, मग साठ. "आता मागे जाऊन बघा. साठ सेकंद आहेत तुमच्याजवळ."

मी मोबाइलचा उजेड घेऊन मागे धावले. आणि काय सांगू! बाकीचे दिवे आपले अधूनमधून, कसेही फडफडताहेत, आणि एक दिवा मात्र एका लयीत लुकलुक, लुकलुक करतो आहे. उजवीकडून पहिला! जसं काही त्या काळ्या पेटीतून कुणी माझ्याकडे बघून डोळा मिचकावत होतं, 'अगं, मी इथे आहे!' साठ सेकंद झाले आणि दिवा पुन्हा आपल्या नेहमीच्या कामाला लागला. अशी चारही भोकं ओळखली. मावशींनी चिकटपट्टी कापून दिली, मी नावं लिहून लावली.

भोकं कळली, पण वायरी? त्यालाही युक्ती होती. वायर दोन्ही टोकांना नीट जोडलेली असली, म्हणजे भोकापाशी एक दिवा स्थिर राहतो. दुसरं टोक काढलं की तो विझतो. मावशींना मोबाइल देऊन कार्यालयात पाठवलं. "मावशी, काढा!" इकडे एक दिवा विझला. "लावा!" पेटला. ती वायर कार्यालयाची! मग संगणक खोली, मग वाचनालय. सकाळी ज्या हातांवर आळ आला होता, तेच हात दुपारी वायरी काढत-लावत होते आणि कार्यालयातली मंडळी शेजारी उभी राहून बघत होती. दोन वायरींची अदलाबदल सुधारली, टक् आवाज येईपर्यंत दाबल्या, आणि दोन्हीकडचं इंटरनेट सुरू झालं. संगणक खोलीची वायर मुळात नुसती सैल झालेली होती. अर्ज मुदतीत गेले.

त्या रविवारी भाऊजी नाशिकला आले होते. जेवणं झाल्यावर मी त्यांना विचारलं, "तो दिवा लुकलुकतो तरी कसा हो? त्याला कोण सांगतं?" मग त्यांनी जे सांगितलं, ते मला माझ्या पद्धतीनं समजलं तसं सांगते.

संगणकाच्या आत प्रत्येक वस्तूशी बोलायला एक-एक दुभाषी प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्ड वेगवेगळ्या कंपन्यांची, प्रत्येकाची भाषा वेगळी. मुख्य व्यवस्था म्हणते 'ओळख दाखव', आणि ड्रायव्हर ते त्या कार्डाच्या भाषेत सांगतो. आमच्या शाळेतल्या संगणकावर लिनक्स नावाची व्यवस्था आहे. तिच्यात ही सोय पुष्कळ वर्षांपासून आहे. पण आधी त्यात एक खोट होती.

खोट काय, ती ऐका. तुमच्या एकत्र कुटुंबात कोठीची किल्ली एकच आहे आणि ती सासूबाईंच्या कमरेला आहे. साखर काढायची, तांदूळ काढायचे, तर किल्ली हवी. आता सासूबाईंना कुणी सांगितलं, 'पाहुण्याला घर सापडत नाही, दारात जाऊन कंदील हलवत उभ्या राहा.' त्या गेल्या, पण किल्ली कमरेलाच! पाहुणा येईपर्यंत अर्धा तास घरात कुणाला चहाची साखर मिळायची नाही. लिनक्समध्ये नेमकं हेच होत असे. नेटवर्कची मांडामांड बदलायला एकच मोठं कुलूप. दिवा लुकलुकवायला सांगितलं की ड्रायव्हर ते कुलूप अडवून मध्ये मध्ये डुलक्या घेत बसायचा. तोवर दुसऱ्या कुठल्या कार्डाचा पत्ता बदलायचा असो, की ते चालू-बंद करायचं असो, सगळे ताटकळत. एक साधा दिवा मिचकावायचा, त्यासाठी सगळं घर वेठीला!

२०११ साली बेन हचिंग्ज नावाच्या गृहस्थांनी ही रीत बदलली. ती बदललेली पद्धत लिनक्सच्या ३.० या आवृत्तीत आली. आता काय होतं, तर मुख्य व्यवस्था ड्रायव्हरला आधीच विचारते, 'तुझं कार्ड आपलं आपण लुकलुकू शकतं का?' शकत असेल, तर ड्रायव्हर शून्य असं उत्तर देतो. म्हणजे, 'तुम्ही काळजी करू नका, मी बघतो.' नसेल, तर 'सेकंदाला इतक्या वेळा' असा आकडा सांगतो. मग मुख्य व्यवस्थाच घड्याळ लावून 'पेटव', 'विझव', 'पेटव', 'विझव' असं सांगत राहते. आणि महत्त्वाचं म्हणजे, किल्ली घ्यायची ती फक्त पेटवण्या-विझवण्यापुरती. मधल्या वेळात किल्ली खुंटीवर! ज्याला हवी त्यानं घ्यावी. शेवटी, वेळ संपली किंवा माणसानंच मध्ये 'पुरे' म्हटलं, तरी 'आता थांब' हा निरोप ड्रायव्हरला जातोच जातो. मग त्यानं दिवा पूर्ववत करायचा.

हे शेवटचं मला फार पटलं. कारण त्या कार्डावर ओळखीसाठी वेगळा दिवा नसतोही. वायर लागली आहे की नाही हे दाखवणारा जो रोजचा दिवा, तोच थोडा वेळ उसना घेतलेला असतो. उसनं घेतलेलं पातेलं आपण घासूनच परत देतो ना? ड्रायव्हर जर दिवा तसाच पेटलेला किंवा विझलेला ठेवून मोकळा झाला, तर पुढे बघणारा फसेल. वायर तुटलेली असायची आणि दिवा आपला पेटलेला!

मी विचारलं, "आणि एखाद्या कार्डाला हे जमतच नसेल तर?" भाऊजी म्हणाले, "तर ड्रायव्हरनं सरळ सांगायचं, ही सोय माझ्याजवळ नाही. बरीच साधी कार्डं तसं सांगतात, आणि त्यात काही वाईट नाही. माणूस दुसरा उपाय शोधतो. वाईट कधी? 'हो' म्हणायचं आणि दिवा लावायचाच नाही. मग मागे उभा असलेला माणूस वाट बघत बसतो आणि भलतीच वायर उपटतो." असं म्हणून ते सुपारी कातरायला लागले. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण मला हजेरीपट उचलून निघून गेलेली मी आठवले.

हे सगळं तुम्हाला लांबचं वाटेल. पण भाऊजी सांगत होते, मोठ्या कंपन्यांत अशा संगणकांच्या मांडण्याच मांडण्या असतात, अगदी आपल्याकडच्या धान्याच्या दुकानातल्या पोत्यांसारख्या एकावर एक. बिघाड शोधणारा माणूस बसलेला असतो एका गावात, आणि वायर काढणारा असतो दुसऱ्या गावात. दोघांच्या मध्ये खात्रीची खूण एकच, तो दिवा. म्हणून पुष्कळ मोठ्या संगणकांना पुढून-मागून ओळखीचा एक निळा दिवाही असतो. पुढून बटण दाबायचं, वळसा घालून मागे जायचं आणि निळा दिवा दिसेल तिथेच हात घालायचा. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी नाशिकवरून, सिन्नरच्या वाटेनं पंढरपूरला जाते, तेव्हा मागे पडलेली म्हातारी आपल्या दिंडीचं निशाण बघूनच पुढे येते ना? तसंच हे.

आता घरच्यासाठी चार गोष्टी सांगते. घरच्या पेटीला असा हुकूम बहुधा देता येत नाही, म्हणून आपणच खुणा करून ठेवाव्या. सगळं नीट चालू असताना पेटीच्या पुढचा आणि मागचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. कुठला दिवा कधी पेटलेला असतो हे बिघाडाच्या दिवशी आठवत नाही. वायरींना दोन्ही टोकांना एकाच रंगाची लोकर बांधा. कागदी चिठ्ठी पावसाळ्यात गळते, लोकर राहते. एका वेळी एकच वायर काढा, आणि ती परत टक् वाजेपर्यंत लावल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. फायबरच्या पेटीवर 'लॉस' लिहिलेला तांबडा दिवा लुकलुकत असेल, तर बहुतेक वेळा बाहेरून येणाऱ्या तारेतच खोट असते. मग पेटीशी झटत बसू नका, सरळ तक्रार नोंदवा. ती फायबरची बारीक तार मुडपू नका आणि सुटली तर तिच्या टोकात डोळा घालून बघू नका. आणि फोनवर कुणी 'दोन नंबरची' म्हणालं, तर न लाजता विचारा, 'कुठून दोन नंबरची?'

मावशींच्या पगारातून काही कापलं गेलं नाही. कार्यालयातल्या मंडळींनी त्यांची माफी मागितली असं मात्र नाही. नुसतं, "झालं ना आता, सोडून द्या," एवढंच. मीही सकाळी सगळ्यांसमोर बोलले नव्हते, दुपारी एकेकट्यांना सांगितलं होतं. हे माझ्या मनाला लागून राहिलं. म्हणून महिन्याच्या बैठकीत, शेवटी कुणाला काही बोलायचं आहे का असं सरांनी विचारलं, तेव्हा मी हात वर केला.

पदरावर त्या दिवशीही थोडं जाळं होतं. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मावशींनी जाता जाता ते झटकून टाकलं.